चौथी प्लेट

सकाळी आठ वाजून बावीस मिनिटांनी सुभेदार खाली बसले. पडले नाहीत. उजवा हात डोळ्यावर, डाव्या हातात स्टॉपवॉच. पंगतीत बसावं तसे सावकाश गुडघे दुमडून ते रेतीत बसले.

"फायर बंद!" मी ओरडलो.

फायर बंदच होतं. हेमा पाटणेनं सहावी गोळी मारून पिस्तूल टेबलावर ठेवलं होतं, तोंड समोर, मॅगझिन बाहेर. ती वळली तेव्हा सुभेदारांच्या बोटांमधून पाणी आणि थोडं रक्त येत होतं.

"काय लागलंय?" तिनं विचारलं.

"बघ की तूच," सुभेदार म्हणाले. "डॉक्टर हैस न्हवं?"

हेमा जनावरांची डॉक्टर होती. तिनं त्यांच्याजवळ बसून त्यांचं मनगट धरलं. "काका, दाबू नका. चोळायचं तर नाहीच. हात फक्त बाजूला करा."

त्यांनी हात काढला. मी वाकून पाहिलं. बुबुळाच्या कडेला, आतल्या बाजूला, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान अशी काळी चीर होती. सेफ्टी गॉगल कपाळावर होता, डोळ्यावर नव्हता.

ही चौदा वर्षांपूर्वीच्या दसऱ्याची गोष्ट आहे. गडहिंग्लजच्या बाहेर एका जुन्या दगडखाणीत आमच्या नेमबाजी क्लबची रेंज होती. तीन बाजूंना खाणीच्या उभ्या भिंती, समोर मातीचा बांध. मी आठवड्याचे सहा दिवस एमआयडीसीतल्या फाउंड्रीत कास्टिंग तपासायचो आणि रविवारी इथे रेंज ऑफिसर असायचो. बाबूराव नलवडे आमचे प्रशिक्षक होते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना नावानं कुणी हाक मारायचं नाही. वय त्रेसष्ट. डावा डोळा नोकरीतच गेला होता, सुरुंगाच्या सरावात. क्लबमधल्या दोनशे माणसांना त्यांनी नेम धरायला शिकवलं ते उरलेल्या एका डोळ्यावर. तो उजवा.

काय झालं ते कळायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. लोखंडी प्लेटांची स्पर्धा होती. साखळीनं टांगलेल्या, ताटाएवढ्या पाच गोल प्लेटा. पाच प्लेटा पाडायच्या नसतात, फक्त वाजवायच्या. जो कमी वेळात पाचही वाजवील तो जिंकला. एखादी चुकली तर तिच्यावर परत यायची मुभा असते. हेमाची चौथी चुकली. पाचवी वाजवून ती चौथीवर परत आली. सुभेदार वेळ घेत होते. त्यांच्या कानांवर आवाज अडवणारे मफ होते आणि खाणीत प्रत्येक आवाज दोनदा ऐकू येतो. त्यांनी पाच बार मोजले, घड्याळ दाबलं आणि आकडा वाचायला गॉगल वर सरकवला, कारण जवळचं त्यांना त्या गॉगलमधून दिसत नसे. सहावा बार त्यानंतर झाला.

पण दहा मीटरवरून मारलेलं पॉइंट टू-टूचं मऊ शिसं चांगल्या प्लेटवरून परत येत नाही. ते सपाट कडक पोलादावर फुटतं आणि पत्र्यावरच्या पाण्यासारखं कडेनं पसरतं. प्लेट वरून पुढे झुकवलेली असते, म्हणून ते खाली रेतीत जातं. रेती आम्ही चाळून टाकायचो. शिसं परत आलं असेल तर प्लेटमध्ये खड्डा असला पाहिजे. खड्ड्याची कड तुकड्याला वाटीसारखी वळवते आणि जिकडून आला तिकडेच पाठवते. हे आम्हांला सुभेदारांनीच शिकवलं होतं. "कडक, सपाट, झुकलेली. तिन्ही असलं तरच प्लेट," असं ते म्हणायचे, "न्हाईतर तो आरसा."

मी प्लेटांकडे चालत गेलो. पहिल्या तीनवर राखाडी ठसे होते, स्वच्छ. चौथीवर मधोमध रंगाचा आणि पांढऱ्या भुकटीचा एक पापुद्रा उडाला होता. त्याखाली नखाएवढा खोल खड्डा, कडा उभ्या. भुकटी बोटावर घेतली. लांबी होती. गाडीच्या पत्र्याला ठोका पडला की पेंटर भरतो ती.

मी प्लेट उलटी केली. मागे लोखंडी पंच ठोकून उठवलेला आकडा होता. सात.

सात आणि नऊ या दोन प्लेटा मी ऑगस्टमध्ये बाद केल्या होत्या. मे महिन्यात अध्यक्षांच्या जावयानं त्यांच्यावर मोठी रायफल चालवली होती, वीस पावलांवरून, गंमत म्हणून. मी खडूनं दोन्हींवर फुल्या मारून त्या शेडच्या कोपऱ्यात उलट्या ठेवल्या होत्या. नव्या पुण्याहून यायच्या होत्या.

पाचवी उलटून पाहिली. नऊ.

मी चौथी साखळीवरून काढली आणि काखेत मारली.

परत आलो तर सुभेदार खुर्चीवर होते. हेमानं चहाचा कागदी कप त्यांच्या डोळ्यावर पालथा घालून चिकटपट्टीनं बसवला होता. कपाचा काठ हाडावर टेकला होता, डोळ्यावर काहीच नव्हतं.

"असं कुठं शिकलीस?" त्यांनी विचारलं.

"घोड्याला करतात."

"म्हशीला न्हाई?"

"म्हैस कप ठेवून घेत नाही. तुम्ही घ्या."

"चहा तर दे त्यातला."

"ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं पाहिजे. पाणीसुद्धा नाही."

तोपर्यंत आण्णा देसाई आले होते. आण्णा क्लबचे अध्यक्ष. फेटा बांधलेला, कारण साडेनऊला प्रांतसाहेब येणार होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मिठारी, दवाखान्यात काय सांगणार?"

"शिशाचा तुकडा लागला."

"खडा उडाला म्हणा. खाण आहे. खडा कुठूनही उडतो."

"प्लेटांखाली चाळलेली रेती आहे, आण्णा. खडा नाही तिथं."

"फार बारीक बघता हो तुम्ही."

"त्याचाच पगार घेतो."

"आणि मॅच? चाळीस माणसं आलीत. बाकीच्या चार प्लेटांवर घ्या."

"पाचवी पण बाद आहे. मॅच संपली."

"प्रांतसाहेबांना काय दाखवू मग?"

"बंद रेंज दाखवा. ती पण बघण्यासारखी असते."

मी सगळी पिस्तुलं मोजून कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. आठ वाजून अडतीस मिनिटांनी आम्ही हेमाच्या जुन्या जीपमधून निघालो. ती चालवत होती. मागे सुभेदार आणि मी. प्लेट माझ्या पायांशी. आमच्याकडे डोळ्यांचं ऑपरेशन होत नसे. कोल्हापूर सत्तर किलोमीटर.

रस्त्यावर दसरा होता. ट्रॅक्टर, टेम्पो, मोटरसायकली, सगळ्यांना झेंडूच्या माळा. आमच्या जीपलाही होती. संकेश्वरच्या अलीकडे एका उसाच्या ट्रॉलीनं रस्ता अडवला होता आणि तिचा ड्रायव्हर बॉनेटसमोर नारळ फोडत होता.

"का थांबलो?" सुभेदारांनी विचारलं.

"नारळ फोडतोय एकजण."

"फोडू दे. देवाचं काम हाय." मग थोड्या वेळानं, "मिठारी, कितवी प्लेट?"

"चौथी."

"मागचा आकडा?"

"सात."

ट्रॉली बाजूला झाली. जीप सुटली. पुलावरून जाताना टायरांचा आवाज बदलला तसे ते म्हणाले, "लांबी दिसली?"

"दिसली."

"म्या भरली."

हेमानं आरशातून मागे पाहिलं. फाउंड्रीत असं असतं. माणूस कबूल करायला लागला की आपण मध्ये शब्द टाकायचा नाही.

"खांडेनवमीला पूजेत पाच प्लेटा मांडतो आपण," ते म्हणाले. "पिस्तुलं, रायफली, घड्याळ, प्लेटा. दरसाल. परवा बघितलं तर तीनच धड. दोन तुझ्या फुलीच्या. आता खंडित वस्तू पूजेला मांडत न्हाईत, मिठारी. मूर्तीचा टवका गेला तर आपण पाण्यात सोडतो. तलवारीला खाच असली तर ती बाजूला ठेवायची, चौरंगावर न्हाई. माझ्या बापानं शिकवलंय मला."

"मग तीनच मांडायच्या होत्या."

"तीन मांडल्या तर दोघी रुसत्यात. इतकी वर्षं गोळ्या खाल्ल्या त्यांनी." ते हसले आणि हसताना कप हलला म्हणून लगेच थांबले. "पेंटरकडनं लांबी आणली. भरली. पॉलिश पेपर मारला. पाचींना पांढरा रंग दिला. नव्यासारख्या. कुंकवाची बोटं लावली, फुलं वाहिली. फक्त पूजेपुरतं. सकाळी काढून परत कोपऱ्यात उलट्या ठेवायच्या, असं ठरवलं होतं."

"मग?"

"पूजा झाल्यावर उत्तरपूजेपर्यंत हात लावत न्हाईत. ती पहाटे झाली. आणि सहाला म्या स्टँडवर गेलो, कोल्हापूरचे दोघे नेमबाज एसटीनं यायचे होते. परत आलो तर पोरांनी पाची टांगलेल्या."

"तेव्हा का नाही काढल्या?"

त्यांनी डोकं मागे टेकवलं.

"हेमे, किती राहिलं?"

"निपाणी आली, काका."

"दुखतंय आता," ते म्हणाले. तोपर्यंत त्यांनी हा शब्द वापरला नव्हता.

निपाणीत आण्णांचा फोन आला. प्रांतसाहेब येऊन गेले होते. आण्णांनी त्यांना खडा सांगितला होता. "आता तुम्हीही तेच सांगा," ते म्हणाले, "दोन गोष्टी झाल्या तर क्लब जाईल."

"आण्णा, आत काय आहे ते डॉक्टरला खरं कळलं पाहिजे. क्लबचं नंतर बघू."

"माणूस जिवंत आहे ना?"

"डोळ्याचं विचारा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दहा वाजून वीस मिनिटांनी आम्ही कोल्हापुरात पोचलो. डोळ्यांच्या दवाखान्याला सुट्टी होती. एक नर्स होती. तिनं डॉक्टरांना घरून बोलावलं. अकराला त्या आल्या, पन्नाशीच्या बाई, जरीची साडी, घरची पूजा अर्धी टाकून आलेल्या. त्यांनी आधी दिव्यानं डोळा पाहिला, मग कप कुणी लावला विचारलं. हेमानं हात वर केला. "चांगला लावलाय," त्या म्हणाल्या. "दाबला असता तर आतलं बाहेर आलं असतं." मग मला बाहेर बोलावलं.

"आत काहीतरी आहे. काय आहे? दगड, लोखंड, शिसं?"

"फरक पडतो?"

"लोखंड असेल तर ते आत गंजतं आणि पडदा मारतं. ते आजच्या आज, कितीही आत जाऊन काढावं लागेल. शिसं असेल तर मी पडद्याला कमी धोका होईल अशा बाजूनं जाईन, वेळ घेईन. दगड असेल तर जंतुसंसर्गाची भीती वेगळी. अंदाज नको."

मी जीपमधून प्लेट आणली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. नर्स दोन पावलं मागे सरली. प्लेटवर अजून कुंकू होतं. मी खिडकीपाशी नेऊन खड्ड्याची कड पाहिली, सगळीकडून. माझ्या कामात पोलादाचा ताजा टवका लांबून ओळखू येतो. तो चमकतो. या खड्ड्याची कड जुनी होती, मे महिन्याची, गंजाची तांबूस रेघ तिच्यावर अखंड होती. एका बाजूला शिशाचा ताजा राखाडी लेप होता.

"लोखंड तुटलेलं नाही," मी म्हटलं. "गोळी साध्या शिशाची होती, वर तांब्याचं कवच नाही. आत शिसं आहे. त्याच्याबरोबर लांबीची भुकटी गेली असू शकते."

"लांबी म्हणजे?"

"पत्रा भरायची पेस्ट. खड्डा भरला होता."

"कशाला?"

"पूजेला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे एक क्षण पाहिलं. "किती खात्री आहे?"

"लोखंड नाही याची पूर्ण."

"ठीक," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. एक्स-रेत तुकडा दिसला. पावणेदोन मिलिमीटर. बारा चाळीसला ऑपरेशन सुरू झालं, दोन पंचवीसला संपलं. त्यांनी मला एका लहान बाटलीत तुकडा दाखवला. राखाडी, एका बाजूनं वाकलेला. शिसं होतं. लांबीची भुकटी धुवून काढली होती.

"दिसेल का?" हेमानं विचारलं.

"पट्टी निघाल्यावर सांगेन. पडद्यावर जखम आहे. त्यांचा दुसरा डोळा..."

"नाही," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली. त्यांना आधीच माहीत होतं. विचारायचं म्हणून विचारलं होतं.

संध्याकाळी साडेपाचला आम्हांला आत सोडलं. सुभेदार उशाला टेकून बसले होते. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. डावा डोळा हलला तर उजवाही हलतो म्हणून तोही बांधला होता. हेमानं बाहेरून आपट्याची पानं आणली होती. तिनं एक त्यांच्या हातात दिलं.

"सोनं घ्या, काका."

"सोन्यासारखी रहा." त्यांनी पान चाचपलं, मग माझ्या दिशेनं धरलं. दिशा थोडी चुकली. मी सरकलो आणि घेतलं. "तू पण, मिठारी."

"सुभेदार, मला एक सांगायचंय," मी म्हटलं.

"तुला न्हाई, मला सांगायचंय. गाडीत तू विचारलंस. टांगलेल्या बघितल्या तेव्हा का न्हाई काढल्या."

"हो."

"स्टँडवरनं आलो तेव्हा सव्वासात झाले होते. पाची टांगलेल्या बघितल्या. सरळ टेबलापाशी गेलो. रजिस्टर उघडं होतं. सहा चाळीस, पाच प्लेटा, तपासल्या, ठीक. खाली तुझी सही." ते थांबले. "तेव्हा म्हटलं, झालं. नव्या आल्या असतील रातच्या. मिठारीनं सात आणि नऊ बदलल्या असणार. मिठारीची सही हाय म्हणल्यावर मागं जाऊन आकडा बघायची काय गरज? उलट लाजलो. म्हटलं, आपण लांबी भरलीय हे त्याला कळलं असणार आणि त्यानं कुणाला न सांगता बदलल्या."

हेमा माझ्याकडे बघत होती.

सकाळी सहा चाळीसला मी रेंजवर पोचलो होतो. प्लेटांची तपासणी अशी करतात. समोरून अंगठ्याचं नख आडवं फिरवायचं. अडकलं तर खड्डा. लहान हातोडीनं एक ठोका द्यायचा. चांगली प्लेट घंटेसारखी वाजते. मग मागचा आकडा वाचून रजिस्टरमध्ये लिहायचा. प्रत्येकीला अर्धं मिनिट. त्या सकाळी पाचही प्लेटा पांढऱ्या शुभ्र होत्या. त्यांवर कुंकवाची पाच बोटं होती, अक्षता चिकटलेल्या होत्या, एकीवर झेंडूची पाकळी. मला वाटलं, नव्या आल्या वाटतं. वाटलं, सुभेदारांनी लावल्या. त्यांनी लावल्या म्हणजे पाहूनच लावल्या. पूजेच्या रंगावर नख ओढावंसं वाटलं नाही. हातोडी टेबलावर होती. मी तीन पावलांवरून पाच मोजल्या, घड्याळ पाहून वेळ लिहिली आणि सही केली. मागे गेलो नाही. आकड्यांच्या रकान्यात आडवी रेघ मारली.

हे मी त्यांना सांगितलं, जसं इथे लिहिलं तसंच, थोडक्यात.

बाहेर व्हरांड्यात कुणाचा तरी मुलगा फटाक्याच्या टिकल्या वाजवत होता आणि नर्स त्याला दटावत होती.

"रेघ बघितली होती मी," सुभेदार शेवटी म्हणाले. "म्हटलं, नव्यांना आकडे मारायचे राहिले असतील."

"मी विचारायला हवं होतं तुम्हांला."

"मी तुला. हेमे, आता तरी चहा मिळंल का?"

"मिळेल," हेमा म्हणाली आणि उठून गेली. ती दहा मिनिटं आली नाही. चहा दारासमोरच्या टपरीवर होता.

चौकशी पंधरा दिवसांनी झाली. सुभेदारांनी जबाब दिला की तपासणी झाल्यानंतर, मिठारींना न सांगता, आपण दोन चांगल्या प्लेटा काढून बाद प्लेटा टांगल्या. त्याखाली अंगठा दिला. सही सरळ येईना. मला ते कळलं तेव्हा मी माझा जबाब देऊन आलो. मी सहा चाळीस लिहिलं, नख लिहिलं, हातोडी लिहिली, रिकामा रकाना लिहिला. अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"दोघांपैकी एकजण खोटं बोलतोय," ते म्हणाले.

"सुभेदार," मी म्हटलं.

"ते म्हणतात तुम्ही."

मी त्यांना रजिस्टरची ती रेघ दाखवली. त्यांनी पान उलटलं, परत पाहिलं, "ठेवा" म्हणाले. आण्णांचा जबाब मात्र खड्ड्यांबद्दल होता, खड्याबद्दल नाही. जावयाचं नाव त्यात आलं होतं आणि ते त्यांनी स्वतः घातलं होतं. क्लबची प्लेटांची रांग त्या दिवसापासून बंद आहे. कागदी लक्ष्यांची रेंज सुरू आहे. मी तिथे परत रेंज ऑफिसर झालो नाही, पण फाउंड्रीतलं काम निवृत्तीपर्यंत केलं, आणि सांगायला हरकत नाही, त्यानंतर माझ्या हातून न तपासलेलं एकही कास्टिंग गेलं नाही. गेल्या वर्षी चौकशी केली तेव्हा कारकुनानं सांगितलं की फाइल कोल्हापूरला आहे. दोन्ही जबाब तिच्यात आहेत. निकाल नाही.

सुभेदार आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. भाचीकडे राहतात. उजव्या डोळ्यानं त्यांना तीन फुटांवरची बोटं मोजता येतात. उजेड कुठून येतो ते कळतं. पांढरं ओळखू येतं. एवढ्यावर ते एकटे फिरायला जातात, दाढी करतात, आणि माझ्या चालण्याच्या आवाजावरून मी आलो हे ओळखतात. हेमाची बदली झाली, परत बदली होऊन ती गडहिंग्लजलाच आली. महिन्यातून एकदा तिच्या गाडीतून आम्ही तिघं कुठेतरी जाऊन येतो.

गेल्या महिन्यात ती त्यांना मिरजेच्या एका नव्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण आहे. त्याचं म्हणणं, पडद्यावरचा जुना वण ओढला जातोय. ऑपरेशन केलं तर दोन-चार ओळी वाचण्याएवढं दिसू शकेल. नाही जमलं तर तीन फुटांवरची बोटंही जातील. न केलं तर आहे तसं राहील, किंवा हळूहळू कमी होईल. किती हळू, ते सांगता येत नाही.

सुभेदारांनी डॉक्टरला विचारलं, "माझ्या जागी तुम्ही असता तर?"

तो म्हणाला, "माझ्याकडे दुसरा डोळा आहे."

"खरं बोललास," सुभेदार म्हणाले. मग हेमाला म्हणाले, "हे सगळे कागद मिठारीकडं दे. रिपोर्ट, फोटो, सगळं. त्यानं बघावं. तो ठीक म्हणला तर मी अंगठा देतो. तो नको म्हणला तर नको. मला परत विचारायचं न्हाई."

"काका, मिठारी डॉक्टर नाहीत," हेमा म्हणाली.

"तू तरी कुठं हैस?"

कागद माझ्याकडे आल्याला अकरा दिवस झाले. सत्तावीस पानं आहेत. मी प्रत्येक पान वाचलं. जे कळलं नाही त्यावर खूण केली आणि मिरजेला दोनदा जाऊन डॉक्टरला विचारलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यानं मला त्याच्या सरांकडे पाठवलं, आणि सरांचं मत त्याच्यापेक्षा वेगळं निघालं. सर म्हणाले, करू नका. तरुण म्हणाला, सरांनी हे नवं यंत्र वापरलेलं नाही.

संमतीचा कागद शेवटचा आहे. ऑपरेशनची तारीख मंगळवारची दिली आहे, होकार शनिवारी दुपारी चारपर्यंत कळवायचा आहे. आज गुरुवार. सकाळी भाचीचा फोन आला होता. सुभेदारांनी दवाखान्यात न्यायची पिशवी भरून दाराशी ठेवलीय, असं ती म्हणाली. मी काय कळवणार, ते तिनं विचारलं नाही.